पत्ता जपानचा, ओळख परक्याची

जपानी भाषेत परदेशी माणसासाठी ‘गाइकोकुजिन’ असा सरकारी शब्द आहे आणि बोलताना त्याचा ‘गाइजिन’ होतो. बाहेरचा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. शब्द म्हणून त्यात काही वावगे नाही. तो किती निरनिराळ्या माणसांना एकाच पोत्यात भरतो, हे पाहिले म्हणजे खटकू लागते. आसाकुसाच्या देवळासमोर फोटो काढून चौथ्या दिवशी विमानात बसणारा पर्यटक गाइकोकुजिन. तोक्योच्या निशी-कासाई भागात बारा वर्षे राहून आयकर, रहिवासी कर आणि विम्याचे हप्ते बिनबोभाट भरणारा पुण्याचा संगणक अभियंताही गाइकोकुजिन. आणि ओसाकात जन्मलेली, जपानीखेरीज दुसरी भाषा न येणारी, जिचे पणजोबा वसाहतकाळात कोरियातून आले ती मुलगीसुद्धा गाइकोकुजिनच. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला तेव्हा तिथले लोक जपानचे प्रजाजन ठरले. १९५२ साली दुसऱ्या महायुद्धानंतरचा शांतता करार अमलात येताना जपानमध्ये राहणाऱ्या या लोकांचे जपानी नागरिकत्व एका सरकारी परिपत्रकाने काढून घेतले गेले. ‘विशेष कायम रहिवासी’ हा दर्जा असलेले असे अडीच लाखांहून अधिक लोक आजही त्या देशात आहेत. कुठूनही न आलेली ही माणसे ‘बाहेरची’ म्हणून मोजली जातात.

जपानला परदेशी माणसे हवीत की नकोत, हा वाद तिथे सध्या तावातावाने चालला आहे, आणि तो चुकीच्या जागी चालला आहे असे मला वाटते. किती माणसे येऊ द्यायची हे ठरवण्याचा हक्क त्या देशाला आहे. त्याबद्दल बाहेरच्याने शहाणपण शिकवू नये. परंतु ज्यांना आपणच परवाना देऊन बोलावले, घराच्या पत्त्यासकट नोंदवून घेतले, ज्यांच्याकडून कर घेतला, त्यांना कोणत्या रांगेत उभे करायचे हा निराळा प्रश्न आहे. रेघ ओढायचीच असेल तर ती तिथे राहणारा आणि तिथे फिरायला आलेला यांच्यामध्ये ओढली जावी. पासपोर्टाच्या किंवा चेहऱ्याच्या रंगावरून ती ओढली जाऊ नये. आणि या बदलाची सुरुवात भाड्याच्या घरापासून व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी पर्यटकांचे पाहू, कारण सगळा घोळ तिथून वाढला आहे. २०२४ साली जपानमध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पर्यटक आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे नोंदलेल्या परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाख ६८ हजार होती, म्हणजे साडेबारा कोटींच्या आत असलेल्या लोकसंख्येच्या तीन टक्के. आकडे शेजारी ठेवले तर एका रहिवाशामागे दहा पाहुणे दिसतात. पण पाहुण्याचा मुक्काम आठ-दहा दिवसांचा धरला, तर कोणत्याही एका दिवशी देशात असलेले पर्यटक आठ-दहा लाखांच्या घरात भरतात, आणि मग हिशेब उलटतो: चार रहिवाशांमागे एक पाहुणा. तरीही लोकांच्या नजरेत भरतो तो पाहुणाच, कारण तो घोळक्याने येतो, ठरावीक ठिकाणीच जातो आणि मोठ्याने बोलतो. क्योतोमध्ये देवळांकडे जाणाऱ्या बसगाड्यांत स्थानिक म्हाताऱ्यांना पाय ठेवायला जागा मिळेना, तेव्हा महापालिकेने दिवसभराचा बसपास बंद केला. क्योतोच्याच गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत गेइशा या पारंपरिक कलावंतिणींच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे २०२४ साली तिथे प्रवेशबंदीच्या पाट्या लागल्या. फुजी पर्वताच्या पायथ्याशी एका गावाने तर फोटो काढायची जागाच उंच काळ्या जाळीने झाकली. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे. गणपतीपुळ्याला किंवा महाबळेश्वरला बारमाही राहणाऱ्या माणसाला लागून आलेल्या सुट्ट्यांबद्दल विचारले, तर तोही हेच सांगेल.

अडचण पुढे होते. गिओनमध्ये कुणी ऑस्ट्रेलियन तरुणाने केलेला आगाऊपणा संध्याकाळच्या बातम्यांत दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब तोक्योशेजारच्या साइतामात दहा वर्षे राहणाऱ्या नेपाळी कुटुंबाकडून चुकता केला जातो, कारण दोघांना शब्द एकच आहे.

हा हिशेब सर्वांत स्वच्छ दिसतो तो घर भाड्याने घेताना. मी स्वतः तोक्योत नोकरीसाठी गेलो, तेव्हा तोझाई मार्गावरच्या एका स्टेशनाजवळच्या दलालाच्या कचेरीत हा अनुभव घेतला. दलाल तरुण होता, अत्यंत सभ्य होता. त्याने गार बार्लीचा चहा पुढे ठेवला, खोल्यांचे नकाशे छापलेले आठ-दहा कागद टेबलावर मांडले आणि मी निवडलेल्या चार घरांच्या मालकांना माझ्यासमोरच फोन लावायला सुरुवात केली. दर फोनचे पहिले वाक्य तेच होते: “गाइकोकुजिन नो काता देसु गा…” परदेशी व्यक्ती आहेत, पण… माझे नाव, नोकरी, पगार या गोष्टींच्या आधी हे वाक्य येई, तेही माफी मागितल्याच्या सुरात. मग थोडी शांतता. मग “हो, जपानी बोलता येते”. मग “भारतातले आहेत”. मग पुन्हा शांतता, आणि त्यानंतर तो रिसीव्हरवर हात ठेवून मला हळूच विचारी, “तुम्ही घरी स्वयंपाक करता का?” फोडणीचा वास पडद्यांत आणि भिंतीच्या कागदात मुरतो, अशी मालकांची धास्ती असते. रोज वरणभात खाणाऱ्या माणसाने यावर खोटे तरी किती बोलावे? नकार आला की तो तरुण त्या घराचा कागद मधोमध घडी घालून टेबलाच्या कडेला ठेवी आणि खाली वाकून माझी क्षमा मागे. दीड तासात तीन कागदांच्या घड्या झाल्या.

हा केवळ माझा दुर्दैवयोग नव्हता. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची देशव्यापी पाहणी करवली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली जाहीर केले. आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधले होते त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांना केवळ परदेशी असल्यामुळे नकार मिळाला होता, आणि जवळजवळ २७ टक्के लोकांनी ‘परदेशी चालणार नाहीत’ अशी अट जाहिरातीत पाहूनच त्या घराचा नाद सोडला होता. पाहणी सरकारची, आकडे सरकारचे. आणि तरीही असा नकार देणे स्पष्टपणे बेकायदा ठरवणारा कायदा त्या सरकारने केलेला नाही.

घरमालकांची बाजू मी हलकी मानत नाही. भाडेकरू न सांगता मायदेशी निघून गेला तर थकलेले भाडे कुणाकडे मागायचे, कचऱ्याचे वार पाळले नाहीत तर शेजाऱ्यांची बोलणी कोण खाणार, गळती लागली तर फोनवर कोणत्या भाषेत बोलायचे, या त्यांच्या शंका काल्पनिक नाहीत. शिवाय हेच मालक एकट्या राहणाऱ्या जपानी म्हाताऱ्यांनाही घर द्यायला कचरतात, कारण माणूस घरातच मरून पडला आणि चार दिवस कुणाला कळले नाही तर ती खोली पुन्हा भाड्याने जात नाही. तेव्हा प्रत्येक नकाराच्या मुळाशी वंशद्वेषच असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु शंका खरी असेल तर तिच्यावर उपाय करता येतो, आणि बऱ्याच उपायांची सोय जपानमध्ये आधीच झालेली आहे. पूर्वी भाडेकरूला जपानी जामीनदार आणावा लागे. आता हमी देणाऱ्या कंपन्या आहेत आणि भाडेकरूनेच त्यांचे शुल्क भरायचे असते. वर अनामत असते, आणि अनेकदा ‘रेइकिन’ही असते, म्हणजे मालकाने घर दिले याबद्दल कृतज्ञता म्हणून द्यायची, कधीही परत न मिळणारी रक्कम. (आपल्याकडच्या पागडीची ही सभ्य कपड्यांतली दूरची नातेवाईक म्हणावी.) पैशाची जोखीम इतकी बांधून झाल्यावरही जो नकार उरतो, त्याचे कारण पैसा नसते. माझ्या बाबतीत चौथ्या घराची मालकीण सत्तरी उलटलेली बाई होती. तिने फोनवर नाही म्हणण्याऐवजी मला भेटायला बोलावले आणि पहिली वीस मिनिटे फक्त कचरा शिकवला: जळणारा कोणत्या वारी, प्लास्टिक कोणत्या वारी, बाटलीचे झाकण आणि वेष्टन वेगळे का करायचे, पिशवी कावळ्यांपासून वाचवणाऱ्या जाळीखाली कशी सरकवायची. वॉर्ड कचेरीचे चित्रांचे वेळापत्रक तिने स्वतःच्या हाताने फ्रिजवर चिकटवले. फोडणीबद्दल तिची अट एवढीच होती की पंखा आधी सुरू करायचा आणि तेल नंतर तापवायचे. मी तिथे सहा वर्षे राहिलो आणि त्या काळात या दोन्ही विषयांवर आमच्यात एकदाही बोलणे झाले नाही.

एका भल्या बाईवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. म्हणून निशी-कासाईचे उदाहरण घेतो. २००० सालच्या ‘वायटूके’ या संगणकीय संकटाच्या तोंडावर भारतीय अभियंते मोठ्या संख्येने तोक्योत येऊ लागले आणि त्यांच्यातले पुष्कळ एदोगावा वॉर्डच्या या भागात स्थिरावले. आज संपूर्ण जपानमध्ये भारतीयांची संख्या पन्नास हजारांच्या वर आहे आणि निशी-कासाई ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध वस्ती. इथेच ती का झाली? शहराच्या मध्यभागातल्या कचेऱ्यांकडे जाणारी थेट रेल्वे हे एक कारण. दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, कारण म्हणजे इथल्या ‘यूआर’ या सार्वजनिक संस्थेच्या इमारती. या घरांना जामीनदार लागत नाही, रेइकिन नाही, दलाली नाही. रहिवासाचा योग्य परवाना आणि उत्पन्नाची अट पूर्ण केली की घर मिळते. तिथे फोनवरच्या त्या शांततेला जागाच नाही. नियम माणसाच्या चेहऱ्यापासून सोडवला गेला आणि बघता बघता तिथे किराणा दुकाने, शाळा, दिवाळी असे सगळे उभे राहिले. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली याच एदोगावाच्या वॉर्डसभेवर निवडून आले आणि जपानमध्ये निवडणूक जिंकणारे भारतीय वंशाचे पहिले लोकप्रतिनिधी ठरले. त्यासाठी त्यांना आधी जपानी नागरिकत्व घ्यावे लागले होते, आणि दुहेरी नागरिकत्व दोन्ही देश मान्य करत नसल्याने भारतीय नागरिकत्व सोडावेही लागले होते.

अशा वस्त्यांमध्ये सगळे गोडीगुलाबीने चालते असे नाही. साइतामातल्या कावागुची शहरातील शिबाझोनो या यूआर वसाहतीत आज निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशी, मुख्यतः चिनी आहेत. तिथे रात्रीचा गोंगाट, गॅलरीतून फेकलेला कचरा, लिहून ठेवलेली शिवीगाळ आणि बाहेरून येऊन घोषणा देणारी टोळकी असे सर्व प्रकार होऊन गेले. पण तंटा रहिवासी आणि रहिवासी यांच्यातला होता, म्हणून तो सोडवायला दोन्ही बाजूंना एकाच अंगणात उतरावे लागले. वसाहतीची रहिवासी समिती आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी मिळून ते काम हाती घेतले. घरच नाकारले असते तर हा तंटा झाला नसता हे खरे, पण मग शेजारही झाला नसता.

कायद्याची स्थिती मात्र विचित्र आहे. वांशिक भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात जपान १९९५ साली सामील झाला, पण खासगी व्यवहारातील अशा भेदभावाला सरसकट मनाई करणारा देशांतर्गत कायदा त्याने आजवर केलेला नाही. २०१६ साली द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध कायदा झाला, त्यात शिक्षेची तरतूद नाही. त्यामुळे प्रत्येक अपमानित माणसाने स्वतः दिवाणी न्यायालयात जायचे, वर्षे घालवायची आणि नुकसानभरपाई मागायची, एवढाच मार्ग उरतो. हामामात्सु शहरात एका दागिन्यांच्या दुकानातून हाकलल्या गेलेल्या ब्राझिलियन स्त्रीने १९९९ साली असा दावा जिंकला. होक्काइदोतील ओतारु या बंदराच्या गावी एका सार्वजनिक स्नानगृहाने रशियन खलाशांच्या दारूबाजीला कंटाळून ‘फक्त जपानी’ अशी पाटी लावली होती. तिथल्या खटल्यात २००२ साली सप्पोरोच्या न्यायालयाने ती बंदी बेकायदा भेदभाव ठरवली. त्या खटल्यातला एक वादी जन्माने अमेरिकन होता, पण दरम्यान जपानी नागरिक झालेला होता, आणि तरीही त्याला दारातून परत पाठवले गेले होते. पासपोर्ट बदलला, चेहरा तोच राहिला. नागरिकत्व घ्या म्हणजे प्रश्न सुटेल, असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

इथे मराठी वाचक मनात म्हणेल की मुंबईत काय वेगळे आहे? काहीच नाही. आडनाव ऐकून फोन ठेवणारे दलाल, ‘मांसाहारी नकोत’ हे न लिहिता कळवणाऱ्या सोसायट्या, धर्म कळल्यावर अचानक ‘भाड्याने गेलेली’ घरे, हे सारे आपल्याही अंगवळणी पडले आहे, आणि मुंबईतच मासे खाणाऱ्या मराठी माणसाला त्याची झळ लागलेली आहे. अजिंठा-वेरूळच्या ज्या परिसराचा विकास जपानी कर्जाच्या मदतीने झाला, तिथे पुरातत्त्व खात्याचे तिकीट आपल्याला ४० रुपये आणि जपानी पाहुण्याला ६०० रुपये आहे. तेव्हा मी कोणत्याही उंच ओट्यावरून हे लिहीत नाही. मात्र जपान आज परदेशी माणसांची जितकी गरज बोलून दाखवतो तितकी आपण दाखवत नाही, आणि मागणी करणाऱ्याकडून अपेक्षा अधिक असते.

ती गरज किती आहे हे लपलेले नाही. २०२४ साली जपानमध्ये जपानी नागरिकांची सात लाखांपेक्षाही कमी मुले जन्मली. १९९३ पासून ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली शेतांत, मासळीच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर परदेशी तरुण आणले गेले. हे शिकणे नसून राबणे आहे हे सर्वांना ठाऊक असूनही नाव बदलायला ३१ वर्षे गेली आणि २०२४ साली कुठे ती योजना बदलण्याचा कायदा झाला. २०१९ पासून ‘विशिष्ट कौशल्य’ परवाना सुरू झाला. तो आणतानाही शिंझो आबे यांच्या सरकारने हे स्थलांतराचे धोरण नाही असे आवर्जून सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा ठरला. त्यांत भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल आणि होतकरू माणसे आहेत. त्याच्या महिनाभर आधीच वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी आधी’ अशी घोषणा देणाऱ्या सानसेइतो पक्षाने १४ जागा मिळवल्या होत्या. बोलावणे आणि दार लावणे एकाच महिन्याच्या अंतरात चालले होते. त्या ५० हजारांत आपल्याकडची मुले असणार आहेत. भाषेचे वर्ग चालवणाऱ्यांनी त्यांना क्रियापदांच्या रूपांबरोबर घर मिळवण्याची ही हकिगतही शिकवावी.

परदेशी रहिवासी हा हवा तेव्हा घ्यायचा आणि नको तेव्हा बाहेर ठेवायचा पाहुणा आहे, ही समजूत सरकारी कारभारातही वारंवार डोके वर काढते. १९९० नंतर जपानी वंशाच्या ब्राझिलियन लोकांना कारखान्यांसाठी आणले गेले; २००८ च्या मंदीनंतर त्यांच्यातल्या कामगाराला तीन लाख येन देऊन परत पाठवण्याची योजना निघाली, आणि पैसे घेणाऱ्याला तोच परवाना घेऊन पुन्हा येता येणार नव्हते. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा जपानी नागरिक चाचणी करून घरी परतू शकत होता. पण बंदी लागू झाल्यानंतर बाहेर गेलेला कायम रहिवासी, ज्याचे घर, कर्ज आणि मुलांची शाळा जपानमध्येच होती, तो काही मानवतावादी अपवाद सोडले तर कित्येक महिने विमानतळापलीकडे जाऊ शकला नाही. श्रीमंत देशांमध्ये आपल्याच रहिवाशांना असे वागवणारा जपान वेगळा उठून दिसला. आणि २०२४ च्या कायदादुरुस्तीत, जाणूनबुजून कर किंवा विम्याचा हप्ता न भरणाऱ्याचा कायम रहिवासाचा दर्जा काढून घेण्याची सोय झाली. कर बुडवणाऱ्याचे कौतुक कुणी करू नये. पण जपानी माणसाने कर थकवला तर त्याच्या मालमत्तेवर टाच येते. परदेशी माणसावरही तशीच टाच आणता येते. त्याच्या बाबतीत टाच पुरत नाही, मुळासकट उपटण्याची धमकी लागते, हे मला पटत नाही.

उलट बाजूलाही जपानकडे स्वतःचाच चांगला दाखला आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात सूचना न कळल्यामुळे परदेशी रहिवाशांचे हाल झाले, तेव्हा जपानी भाषातज्ज्ञांनी सोप्या जपानीची एक पद्धत तयार केली: छोटी वाक्ये, सोपे शब्द, चित्रलिपीशेजारी उच्चार. आज नगरपालिकांची पत्रके तशी निघतात. २०१२ पासून परदेशी रहिवाशांची नावे जपानी शेजाऱ्यांच्याच रहिवासी नोंदवहीत येऊ लागली. म्हणजे पत्त्यावरून माणूस मोजण्याची यंत्रणा तयार आहे. घरभाड्याच्या व्यवहारात केवळ राष्ट्रीयत्वावरून नकार देण्यास मनाई करणारा आणि जाहिरातीतल्या तशा अटीला दंड करणारा कायदा तिला जोडायचा आहे. मालकाने उत्पन्न विचारावे, हमी मागावी, कचऱ्याची परीक्षा घेतली तरी चालेल. कायम रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क हा त्यापुढचा आणि अधिक अवघड विषय आहे; जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली राज्यघटना तो देत नाही पण कायद्याने देण्यास अडवतही नाही असे म्हटले होते, आणि शेजारच्या दक्षिण कोरियाने २००६ च्या निवडणुकीपासून तो दिलाही आहे. पण ज्याला राहायला खोली मिळत नाही त्याच्यापुढे मतपेटीची चर्चा आधी कशाला?

रेघ बदलणे किती साध्या जागी होऊ शकते हे हिमेजीने दाखवले आहे. तिथल्या पांढऱ्या किल्ल्यावरची गर्दी आणि डागडुजीचा खर्च वाढला तेव्हा, २०२४ साली, महापौरांनी परदेशी पर्यटकांकडून कितीतरी पट तिकीट घेण्याची कल्पना बोलून दाखवली. बरीच चर्चा झाल्यावर प्रत्यक्षात ठरले ते निराळेच: मार्च २०२६ पासून हिमेजी शहरात राहणाऱ्या प्रौढाला एक हजार येन आणि बाहेरून येणाऱ्या प्रौढाला, मग तो कोणत्याही देशाचा असो, अडीच हजार येन. याच हिमेजीत १९७९ साली व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाच्या निर्वासितांना वसवण्यासाठी सरकारी केंद्र उघडले होते आणि त्यातली काही व्हिएतनामी कुटुंबे तिथेच स्थायिक झाली. त्या कुटुंबातली आजी किल्ल्याच्या खिडकीशी पत्त्याचे कार्ड दाखवून हजार येनांत आत जाईल. तिच्या मागे रांगेत उभा असलेला, सात पिढ्यांचा तोक्योकर दीड हजार येन जास्त मोजेल.